टपावरचे ओझे

वाचकहो, एसटीचा टप आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? मागच्या शिडीने हमाल वर चढायचा आणि खालून एकेक बोचके वर जायचे. धान्याची पोती, पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, एखादी सायकल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या डोक्यावरही कॅरिअर असायचे. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, पण गावाला निघालेल्या किती कुटुंबांचा संसार त्या कॅरिअरने वाहिला, याची मोजदाद कोण करणार! त्यामुळे आपल्या मनात एक समजूत पक्की बसली आहे. टप हा सामानासाठीच असतो आणि मावेल तेवढे वर टाकावे.

ही समजूत किती महागात पडू शकते, ते आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याच चाळीत पाहिले. म्हणून आज हा विषय.

आमच्या शेजारच्या तरुणाने कर्ज काढून एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीपगाडी घेतली. पुढची आणि मागची, चारही चाके ओढतात अशी ही गाडी. सध्या शहरातली मंडळी शनिवार-रविवारी तंबू ठोकून राहायला डोंगरात जातात. भंडारदरा, सांदण दरी, पवना धरणाचा काठ अशा ठिकाणी त्यांना नेऊन आणण्याचा धंदा या पोराने धरला. नोकरीची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःच्या हिमतीवर उभे राहणे केव्हाही चांगले. आम्हालाही कौतुक वाटले.

गाडी आली की पाठोपाठ कॅरिअर आलेच. त्याने फॅब्रिकेटरकडून पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत लांबलचक कॅरिअर करून घेतले. लोखंडी नळीचे, वर जाळी, चारी बाजूंनी कठडा, मागे शिडी, पुढे चार दिवे. काळा रंग मारून गाडी दारात उभी केली तेव्हा चाळीतली पोरे भोवती जमली. "काका, कशी दिसते?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "झकास!" आता वाटते, तेव्हा दिसण्याऐवजी वजन विचारायला हवे होते.

मेच्या अखेरीस काजवे बघायला लोकांची झुंबड उडते. सहा जणांना घेऊन तो घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेला. बसायच्या जागा माणसांनी भरल्या, म्हणून बाकीचे सगळे टपावर. जलाशयाच्या काठाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झालेला. उताराकडची चाके मऊ मातीत रुतली, गाडी कलली आणि डोंगराकडचे मागचे चाक जमिनीवरून सुटले. चारही चाके ओढणारी गाडी, पण चाक जमिनीलाच टेकत नसेल तर ते ओढणार काय? त्याने प्रसंगावधान राखले. गाडी जागेवर थांबवली, माणसांना एकेक करून डोंगराच्या बाजूने उतरवले, दोर सोडून टपावरचे सामान खाली काढले. ओझे उतरताच चाक पुन्हा जमिनीला टेकले. कोणाला खरचटलेही नाही.

पोराने घरी येऊन ही गोष्ट हसत सांगितली. त्याचे वडील हसले नाहीत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांनी आयुष्य काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचा वजनकाटा मागून आणला आणि मुलाला म्हणाले, "बाळा, टपावर जे जे होतं ते सगळं इथं आण." आम्हालाही हाक मारली, "भाऊ, वही-पेन्सिल घेऊन या. तुम्ही लिहा."

आम्ही लिहिले ते असे. तंबू १२ किलो. झोपायच्या गाद्या १० किलो. स्टेपनी २६ किलो. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन ४० किलो. शेगडी आणि भांडी १८ किलो. सहा घडीच्या खुर्च्या १८ किलो. एकूण १२४. मग चौघांनी मिळून कॅरिअर उतरवले आणि काट्यावर ठेवले. एकटे कॅरिअरच ५८ किलो! बेरीज झाली १८२.

आता वडिलांनी गाडीसोबत आलेले पुस्तक काढले. आपण हे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढत नाही. त्यात लिहिले होते की टपावर जास्तीत जास्त ७५ किलो. म्हणजे सामान वर चढवण्याआधीच ७५ पैकी ५८ किलो कॅरिअरने खाल्ले होते. पोराचा चेहरा उतरला. त्याची आई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "सहा माणसं लोकांची होती रे."

वाचकहो, टपावरचे वजन आणि गाडीच्या आतले वजन सारखे नसते. त्याचे कारण समजून घेण्यासाठी एक हिशेब करू. समजा गाडी १७०० किलोची आहे आणि तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. १९५ सेंटिमीटर उंचीच्या टपावर १०० किलो ठेवले तर तो मध्य सुमारे ७७ सेंटिमीटरवर जातो. चार बोटे वर. तेच ४० किलो ठेवले तर तो ७३ पर्यंतच चढतो. चार बोटांनी काय होते, असे कोणी म्हणेल. सपाट डांबरी रस्त्यावर हळू चालवताना कदाचित काही होणारही नाही. पण घाटातले वळण, एका बाजूला कललेली वाट, अचानक मारलेला ब्रेक अशा वेळी हीच चार बोटे गाडीला बाहेर ओढतात. त्यात स्प्रिंगा दबून गाडी आणखी झुकते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे शिकवायला नको. वाट वाकडी असली की डोक्यावरचे ओझे आधी डुलते.

तेव्हा कॅरिअर निवडताना पहिला प्रश्न दिसण्याचा नसून वजनाचा आहे. गाडीच्या पुस्तकातला आकडा बघावा. त्या आकड्यात कॅरिअरचे स्वतःचे वजन धरलेले असते, हे विसरू नये. पुस्तकात आकडाच नसेल तर हवे तेवढे लादायला परवानगी आहे असे समजू नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे. कॅरिअर किती वजन पेलते हा आकडा वेगळा आणि टप किती पेलतो हा वेगळा. दोहोंपैकी जो लहान असेल तो आपला. शिवाय हे आकडे चांगल्या रस्त्याचे असतात. ऑस्ट्रेलियात अशा गाड्या घेऊन लोक दूर दूर कच्च्या रस्त्याने फिरतात. तिथल्या एका कॅरिअर बनवणाऱ्या कंपनीचा नियम असा की खडबडीत वाटेवर जायचे तर सांगितलेल्या वजनाला दीडने भागावे. आमच्या पोराच्या गाडीला हा नियम लावला तर ७५ चे झाले ५०.

दुसरी गोष्ट धातूची. लोखंडी नळीचे कॅरिअर स्वस्त पडते आणि कोणत्याही गावात वेल्डिंग करून मिळते. पण ते जड असते आणि रंग उडाला की गंजते. ॲल्युमिनियम हे लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे. ते मऊ असल्याने नळी जाड घ्यावी लागते, म्हणून प्रत्यक्षात तेवढा फरक पडत नाही, तरी बराच पडतो. ते महाग मिळते आणि मोडले तर रस्त्याकडेच्या प्रत्येक वेल्डरला जोडता येत नाही. ॲल्युमिनियम जिथे लोखंडी बोल्टाला टेकते तिथे रबराचा किंवा प्लास्टिकचा वॉशर घालावा. नाहीतर पावसाळ्यात तिथेच धातू खाल्ला जातो. आणि ज्याला वर फक्त तंबू आणि गाद्या न्यायच्या आहेत त्याला पूर्ण कॅरिअर कशाला हवे? दोन आडवे दांडे आणि एक जाड ताडपत्री एवढ्यावर काम भागते. सगळ्यात हलके आणि सगळ्यात स्वस्त तेच.

तिसरी गोष्ट बसवण्याची. जुन्या घडणीच्या अनेक गाड्यांना टपाच्या कडेने पत्र्याची पन्हळ असते, मेकॅनिक तिला गटर म्हणतात. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीला पकडीने आवळता येतात. नव्या गाड्यांना पन्हळ नसते. त्यांना कंपनीने दिलेल्या जागीच पाय बसवावेत. टपाला भोके पाडण्याचा सल्ला कोणी दिला तर दहादा विचार करावा, कारण भोकातून पाणी झिरपते आणि आतून गंज धरतो. पाय शक्यतो दाराच्या खांबांच्या वर यावेत. मधल्या नुसत्या पत्र्यावर भार देऊ नये. नव्याने बसवल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरला गाडी थांबवून सगळे नट पुन्हा आवळावेत. पुढे प्रत्येक फेरीआधी कॅरिअर हाताने हलवून बघावे.

सामान बांधण्यासाठी ट्रकवाले वापरतात तसे आवळायचे रॅचेट पट्टे घ्यावेत. ताणणारे रबरी दोर सामान सावरतात, धरून ठेवत नाहीत. गॅसची टाकी आणि डिझेलचा कॅन टपावर नकोच. पाणी तर मुळीच नको. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि अर्धा भरलेला कॅन प्रत्येक वळणावर हिंदकळतो. जड वस्तू गाडीच्या आत, खाली, मागच्या सीटच्या पाठीला लागून ठेवाव्यात आणि बांधाव्यात. कॅरिअरसकट गाडीची उंची मोजून आकडा चालकासमोर चिकटवावा. झाडाची फांदी किंवा रिसॉर्टची कमान आपली वाट बघत थांबलेली असते.

टपावरच उघडणारा तंबू हल्ली मिळतो. गिऱ्हाईक तो मागते, जादा पैसेही देते. पण नुसता तंबूच पन्नास-साठ किलोंचा असतो. गाडी उभी असताना टप जास्त वजन पेलू शकतो, चालताना नाही. हे दोन आकडे वेगळे असतात, ते दोन्ही विचारून घ्यावेत. पन्नास किलोंची मर्यादा असलेल्या गाडीला हा तंबू परवडत नाही, मग भाडे कितीही मिळो.

डिझेलचाही हिशेब आहे. अमेरिकेतील सरकारी माहितीप्रमाणे टपावर मोठी पेटी असेल तर हमरस्त्यावर मायलेज ६ ते १७ टक्क्यांनी घटते. तिकडची पेटी आणि इकडचे कॅरिअर एक नव्हे, पण वारा दोन्हीकडे अडतोच. म्हणून फेरी नसेल तेव्हा सहज काढता येईल असे कॅरिअर घ्यावे. हप्ता भरणाऱ्याला प्रत्येक लिटर मोलाचा.

कायद्याचेही बघावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून, शक्य तर लेखी उत्तर घ्यावे. त्याच कायद्याचे कलम १२३ टपावर बसून प्रवास करायला मनाई करते. चालकाने तशी मुभा देणे हाही गुन्हाच. काजवे बघायला टपावर बसू द्या, असा आग्रह गिऱ्हाईक करते. नाही म्हणायला शिकावे. आणि हे फक्त शहरी पाहुण्यांना लागू आहे असे नाही. लग्नाला, जत्रेला, सभेला जीप करून जाताना आपलीही पोरे टपावर चढतात आणि आपण खालून हसत बघतो. ते बंद झाले पाहिजे.

तर शेवटी आमच्या पोराने काय केले? नवे कॅरिअर घ्यायला हातात पैसे नव्हते. वडिलांनीच तोड काढली. शिडी कापली, दिवे उतरवले, मागचा अर्धा भाग कापून टाकला. उरलेल्या भागाची टोके घासून पुन्हा झाळले, रंग दिला. वजन भरले २७ किलो. पन्नासातून २७ गेले, राहिले २३. तंबू १२ आणि गाद्या १० मिळून २२. एक किलो शिल्लक! खुर्च्या आता भंडारदऱ्याच्या एका घरी ठेवलेल्या असतात, त्या घराला त्याचे भाडे मिळते. पाणी तिथेच भरतात. स्टेपनी आणि भांडी आत आली, म्हणून गाडीत सहाऐवजी पाचच माणसे बसतात.

"काका, एका माणसाचं भाडं गेलं," पोरगा परवा म्हणाला. आम्ही काही बोलायच्या आत त्याची आई आतून म्हणाली, "जाऊ दे. तू घरी येतोस ना?"

कापलेला कॅरिअरचा तुकडा भंगारात गेला. काटा ज्याचा त्याला परत केला. ती वही मात्र आता गाडीतच असते. प्रत्येक फेरीआधी तो वजने लिहितो आणि बेरीज करतो. आमची वाचकांना एवढीच विनंती. गाडी स्वतःची असो वा भाड्याची, टपावर काही चढवण्याआधी एकदा काटा मागून आणा.