लक्षणे नाहीत म्हणून धोका नाही? : झडपेचा जंतुसंसर्ग आणि मेंदूतील धमनीफुगा

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या, म्हणजे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस जडलेल्या रुग्णाला तीव्र डोकेदुखी, झटके वा अर्धांगवायू नसेल, तर त्याच्या मेंदूतील धमन्या तपासण्याचे कारण नाही, असा एक पूर्वपक्ष आहे. आणि संसर्गामुळे मेंदूतील धमन्यांवर येणारे फुगे साधारणतः २ ते ४ टक्के रुग्णांतच आढळतात, हा त्याचा मुख्य आधार. परंतु हा आकडा बहुतांशी लक्षणांमुळे तपासल्या गेलेल्या रुग्णांवरून आलेला असल्याने, ज्यांच्या धमन्या कोणी पाहिल्याच नाहीत त्यांच्याविषयी तो काहीच सांगत नाही. शिवाय फुटेपर्यंत मूक राहणे हाच या फुग्याचा स्वभाव असल्याने, लक्षणांची वाट पाहणे म्हणजे अनेकदा रक्तस्रावाचीच वाट पाहणे ठरते.

वय, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांवरून धोका जोखण्याची सवयही येथे दिशाभूल करते. नेहमीचे फुगे मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वलयाजवळ होतात. संसर्गजन्य फुगे मात्र बहुधा मधल्या मेंदूधमनीच्या दूरच्या, बारीक फांद्यांवर होतात, कारण झडपेवरील जंतुयुक्त गाठीचा सुटलेला कण रक्ताबरोबर तेथवर जाऊन अडकतो आणि धमनीची भिंत आतून-बाहेरून पोखरतो. म्हणूनच बालपणीच्या संधिवाती तापाने मायट्रल झडप खराब झालेली, रक्तदाब अगदी उत्तम असलेली तरुणीही सुरक्षित मानता येत नाही, आणि आपल्याकडे असे रुग्ण विरळा नाहीत.

खरे धोके झडपेवर आणि मेंदूच्या प्रतिमेत शोधावे लागतात. संसर्ग डाव्या बाजूच्या मायट्रल वा महाधमनीच्या झडपेवर असणे, गाठ १० मिलिमीटरहून मोठी व हलती असणे, जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असणे आणि आधीच एखादा कण अन्यत्र जाऊन अडकलेला असणे, या गोष्टी मेंदूकडे कण जाण्याची शक्यता वाढवतात. मात्र मंदगतीचे स्ट्रेप्टोकॉकस जंतूही फुगे निर्माण करतात, त्यामुळे जंतू सौम्य आहे एवढ्यावर विसंबणे चुकीचे आहे. त्याहून बोलका पुरावा एमआरआयमधील सूक्ष्म रक्तस्रावाच्या ठिपक्यांचा, आणि विशेषतः मेंदूच्या पृष्ठभागावरील एखाद्याच खाचेत साठलेल्या रक्ताचा.

यावर आक्षेप असा की, प्रत्येकाच्या धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करणे हे मूत्रपिंडाला आणि रुग्णाला जाचक आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निष्क्रियता सिद्ध होत नाही: आधी एमआरआय व सीटी अँजिओग्राफी करावी आणि त्यांत रक्तस्राव वा संशय दिसला तरच नळीची तपासणी करावी, कारण दूरच्या फांद्यांवरील लहान फुगे पहिल्या दोहोंत निसटू शकतात. झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी तर हे टाळताच येणार नाही, कारण हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्णाला घेताना हेपॅरिनने रक्त गोठू न देणे भाग असते, आणि तेव्हा अज्ञात फुगा फुटला तर रक्तस्राव आवरणे फार कठीण जाते. योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर कण सुटण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने घटतो. तरीही उपचार चालू असताना जुना फुगा वाढू शकतो वा नवा दिसू शकतो, म्हणून सापडलेल्या फुग्याची प्रतिमा ठरावीक अंतराने पुन्हा घ्यावी लागते.