थंडरबर्ड्स, दादा आणि हूड

लहानपणी जीव टाकलेली मालिका मोठेपणी पुन्हा बघू नये, चव जाते, असं बरेच जण बजावून सांगतात. मला हे कधीच पटलं नाही. चव गेली तर गेली, निदान आपण लहानपणी काय गिळलं होतं ते तरी कळतं! तर गेल्या पावसाळ्यात मी 'थंडरबर्ड्स'चे सगळेच्या सगळे ३२ भाग लेकीला शेजारी बसवून पाहिले. आणि त्यावरून माझं आणि दादाचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही (म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनीच) त्यांच्यासाठी आधी थोडं. ही ब्रिटिश मालिका, १९६५-६६ ची. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याने काढलेली. सगळी पात्रं म्हणजे कळसूत्री बाहुल्या. एकविसाव्या शतकात एका बेटावर जेफ ट्रेसी नावाचे एक श्रीमंत गृहस्थ, माजी अंतराळवीर, आपल्या पाच मुलांना घेऊन राहतात आणि 'इंटरनॅशनल रेस्क्यू' नावाची गुप्त संस्था चालवतात. जगात कुठेही कुणी अडकलं, बुडत असलं, जळत असलं, की ही मुलं आपापली यानं काढून निघाली! पैसे नाहीत, प्रसिद्धी नाही. फोटो मात्र कुणी काढायचे नाहीत, ही एकच अट. पाच भावांची नावं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून ठेवलेली आहेत. स्कॉट, व्हर्जिल, अॅलन, गॉर्डन, जॉन.

१९९१ च्या सप्टेंबरात बीबीसी टूने ही जुनी मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली तेव्हा आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला एका लहानशा गावात राहत होतो. बाबा तिथल्या हॉस्पिटलात होते. मी आठ वर्षांची, दादा दहाचा. शुक्रवारची संध्याकाळ, बाहेर कधीच अंधार पडलेला, आईने केलेली खिचडी मांडीवर, आणि तो आकडे उलटे मोजणारा आवाज. पाच, चार, तीन... अजूनही तो आवाज ऐकला की मला फोडणीचा वास येतो.

आता पाहताना पहिला धक्का बसला तो मालिकेच्या संथपणाचा. व्हर्जिल भिंतीवरच्या चित्राला पाठ टेकून उभा राहतो, चित्र उलटं फिरतं, तो डोकं खाली करून घसरगुंडीवरून निघतो, मग खालच्या यानाच्या पोटात कोणता डबा बसवायचा ते ठरतं, डबे सरकतात, मग कड्याचं दार पडतं, मग दोन्ही बाजूंची ताडाची झाडं सावकाश मागे कलतात, मग ते हिरवंगार ढब्बू थंडरबर्ड टू रांगत बाहेर येतं... तोवर आजच्या एखाद्या कार्टूनमध्ये तीन शहरं उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधूनही झाली असती. मला वाटलं लेक कंटाळणार. ती तर झाडं कलायची वाट बघत बसायला लागली! मुलांना वेग लागतो हे आपण मोठ्यांनी उगाच धरून चाललोय.

या संथपणाला कारणही आहे. भाग मुळात २५ मिनिटांचे ठरले होते. पैसा लावणाऱ्या लू ग्रेड यांनी पहिला भाग पाहिला आणि ते इतके खूश झाले की म्हणाले, तासाभराच्या जागेत बसतील एवढे लांब करा. मग आधी चित्रित झालेल्या भागांना नवीन प्रसंग जोडून जोडून ५० मिनिटांपर्यंत आणलं. कल्पनेमागेही एक खरी गोष्ट होती. १९६३ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत लेंगेडं इथल्या लोखंडाच्या खाणीत वरच्या तळ्याचं पाणी घुसलं. २९ माणसं गेली. पण दोन आठवड्यांनी जमिनीला भोक पाडून त्यातून शेवटच्या अकरा जणांना जिवंत वर काढलं. भोक पाडायचं यंत्र लांबून आणावं लागलं होतं. जेरी अँडरसनच्या मनात आलं, अशी यंत्रं कुठेतरी कायम तयार असती आणि तासाभरात पोचली असती तर?

म्हणून या मालिकेत लढाया जवळजवळ नाहीतच. शत्रू असतो घड्याळ. आणि संकटं कशी येतात हे तर मोठेपणीच नीट दिसलं. एका भागात अजस्र जंगलतोड यंत्र बेफाम सुटतं, धरणाच्या दिशेने चालू लागतं. कारण काय? तर ते चालवणाऱ्या माणसांनी आदल्या रात्री एका घाणेरड्या खानावळीत जेवण केलेलं असतं आणि ते विषबाधेने आडवे! माझ्या आईला ही गोष्ट फोनवर सांगितली तर ती म्हणाली, "बघ, मी काय सांगत होते." (आख्खं जंगल पाडून रस्ता करायचा यात मात्र १९६५ सालच्या कुणालाच काही वावगं वाटत नाही. तेही मोठेपणीच दिसतं.)

दोऱ्या दिसतात, हो. त्या खरं तर टंगस्टनच्या बारीक तारा. जेरी अँडरसनला त्या लपवायचा ध्यास होता, मागच्या देखाव्याच्या रंगाने रंगवून घेत असत. जेमतेम पावणेदोन फुटी बाहुल्या, डोकी जरा मोठी, कारण त्यात ओठ हलवणारं विजेचं यंत्र बसवलेलं. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाबरोबर ओठ आपोआप हलत. चालणं मात्र कधीच जमलं नाही. म्हणून तर ही मंडळी सारखी खुर्चीत बसून तरंगत जातात, सरकत्या पट्ट्यांवर उभी राहतात, आणि बटण दाबायचं असेल तेव्हा पडद्यावर अचानक खराखुरा माणसाचा हात येतो, नखांसकट! सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचा कळसूत्री खेळ मी नंतर पाहिला. तिथे दोऱ्या लपवायची कुणाला गरजच वाटत नाही. मला स्वतःला दोऱ्या दिसल्याने काही बिघडलं असं वाटत नाही. डेरेक मेडिंग्जच्या हाताखालच्या मंडळींनी प्लास्टिकच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवून केलेली ती यंत्रं, ते मळके डाग, तो धूर... स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये हे सगळं उभं केलं होतं. अजून नजर ठरत नाही.

इथवर लिहिलं ते दादाने वाचलं तर तो मान डोलावेल. भांडण पुढे आहे.

मालिकेत एक खलनायक आहे, हूड. टकला, जाड भुवयांचा, डोळे चमकले की समोरच्याचा ताबा घेणारा. राहतो कुठे, तर मलेशियाच्या जंगलातल्या एका देवळात. आणि तो सावळा आहे. ट्रेसी बेटावर आणखी दोन आशियाई माणसं आहेत. एक किरानो, जो या घरात सगळ्यांची सरबराई करतो, आणि दुसरी त्याची मुलगी टिनटिन. हूड हा किरानोचा सावत्र भाऊ. तो लांबूनच आपल्या शक्तीने किरानोला छळून बेटावरची गुपितं काढून घेतो आणि किरानो बिचारा कळवळून खाली कोसळतो.

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळी मुलं थंडरबर्ड्स खेळायची. आणि त्या अख्ख्या शाळेत आम्ही दोघंच सावळी. आता पुढचं सांगायला नको. दादा हूड. रोज. अॅलन व्हायची त्याची फार इच्छा होती, कारण अॅलनकडे तांबडं रॉकेट. एकदा त्याने तसं म्हणून पाहिलं तर एक मुलगा अगदी सहज, काही दुष्टपणा नाही, उत्तरला, "पण तू तर हूडसारखा दिसतोस." माझ्या वाट्याला टिनटिन आली होती. मला ती आवडायची, मी खूश होते. दादा घरी येऊन काही बोलायचा नाही. शुक्रवारी मात्र माझ्याशेजारी बसून बघायचा.

१९९२ च्या नाताळात ट्रेसी बेटाचं खेळणं सगळ्या दुकानांतून संपलं. आईबाप रांगा लावत होते. मग जानेवारीत 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात ते घरच्या घरी टाकाऊ वस्तूंपासून कसं करायचं ते दाखवलं, आणि कृतीचा कागद मागवायला लाखभर लोकांनी पत्रं टाकली म्हणे. आम्हीही केलं. बासमतीच्या रिकाम्या पिशवीचा डोंगर, कागदाचा लगदा, बाबांच्या दाढीच्या फेसाच्या डब्याचं झाकण. सगळं मुख्य काम दादाचं. एवढं मन लावून केलेलं दुसरं काही मी त्याचं पाहिलेलं नाही. म्हणून मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्यालाही ही मालिका माझ्याएवढीच प्रिय.

तर या पावसाळ्यात त्याला फोन करून म्हटलं, "दादा, पोरांना दाखव रे, मजा येईल." तो म्हणाला, "तुझ्या पोरीला दाखव. माझ्या पोराला नको." तो राहतो तिकडेच, लंडनजवळ. भाचा नऊ वर्षांचा आहे.

आता माझं म्हणणं. ३२ भाग पुन्हा पाहताना मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की हूड त्यात जेमतेम आहे! हाताच्या बोटांवर मोजावेत इतक्याच भागांत तो येतो. बाकी भाग त्याच्याशिवायच पार पडतात. आणि आमच्या शाळेच्या मैदानात तो रोज होता. म्हणजे मालिकेने जेवढा हूड दिला त्याच्या कितीतरी पट आमच्या आजूबाजूच्या जगाने तयार केला. दादाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "अगं, पण मला रोज व्हायचं होतं ना. मला भाग मोजून काय उपयोग?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण माझं मत बदललेलंही नाही. नंतरच्या लोकांनी ही गोष्ट दुरुस्त करायचा प्रयत्न केला आहेच. २००४ च्या चित्रपटात हूड झाले बेन किंग्जली, म्हणजे आपले पडद्यावरचे गांधीजी! हे दुरुस्ती म्हणावं की आणखी खोल खड्डा, देव जाणे. २०१५ ते २०२० या काळात नवीन मालिका आली, त्यात टिनटिनचं नाव बदलून तिला सुरक्षेची प्रमुख केली. छानच केलं. कारण जुन्या मालिकेत ही मुलगी इंजिनियर आहे, जेफ ट्रेसींनी तिला परदेशात शिकवलंय, आणि तरी अर्धा वेळ ती कॉफीचे कप आणते किंवा अॅलनकडे बघून लाजते. हे मी आठ वर्षांची असताना मला दिसलं नव्हतं, माझ्या लेकीला तिसऱ्याच भागात दिसलं. "आई, ही शिकलीये ना? मग हिला यान का नाही देत?" असं तिने विचारलं.

म्हणूनच मला वाटतं, जुनंच दाखवावं. दुरुस्त केलेलं नंतर. आणि हूडचे भाग पुढे ढकलून, गाळून नव्हे, तर मध्ये थांबवून, बोलून. मुलांना आपण समजतो त्याहून जास्त दिसतं. आणि ते दिसू नये म्हणून पाच भाऊ परक्या माणसांचे जीव वाचवायला धावतात हेही त्यांना दाखवायचं नाही, हा सौदा मला महागाचा वाटतो. तोट्यात जाणारी गोष्ट हूड नाही, ती आपलं गप्प बसणं आहे. आमच्या घरात तेव्हा कुणीच काही बोललं नव्हतं. आईबाबांना माहीतच नव्हतं, दादाने सांगितलं नव्हतं, आणि मी टिनटिन होण्यात गर्क.

दादाचं म्हणणं असं, की थांबवून बोलायला तू शेजारी असतेस, पण शाळेच्या मैदानात कोण असतं? आणि हे म्हणणं खोटं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तो तिकडे आहे, मी पुण्यात. इथे माझ्या लेकीला कुणी हूड करणार नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला लिहून पाठवली. 'थंडरबर्ड्स' हे नाव जेरी अँडरसनला त्याच्या मोठ्या भावामुळे सुचलं होतं. लायनेल त्याचं नाव. वैमानिकाचं शिक्षण घ्यायला तो अमेरिकेत अॅरिझोनाला गेला होता, आणि तिथून घरी पाठवलेल्या पत्रात त्याने जवळच्या थंडरबर्ड फील्ड नावाच्या तळाचा उल्लेख केला होता. तो महायुद्धात मारला गेला. धाकट्याने वीस वर्षांनी ते नाव काढलं आणि त्याखाली एकमेकांना सांभाळत जगाला वाचवणाऱ्या पाच भावांची गोष्ट केली. त्याच मालिकेत भावाला लांबून छळणारा भाऊही घातला, हेही खरं.

दादाने दोन निळ्या खुणा येऊ दिल्या, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "ते आपलं बेट शेवटी कुठे गेलं गं?" परत निघताना सामानात बसलं नाही, म्हणून बाबांनी शेजारच्यांना देऊन टाकलं होतं, हे मी त्याला सांगितलं. त्याला वाटत होतं पावसात भिजून मोडलं.

डिसेंबरात भाचा येतोय, तीन आठवडे. दादाही आहे बरोबर. पहिल्याच भागात हूड आहे. अणुशक्तीवर उडणाऱ्या विमानात तो बाँब ठेवतो, आणि त्या विमानात टिनटिन बसलेली असते, त्याची सख्खी नाही पण पुतणीच. लेकीने ठरवून टाकलंय की दादामामाला आपण दोघींच्या मधे बसवायचं. दादाला अजून विचारलेलं नाही.