किल्टच्या आधी मदतपेटी

१/ २५ जानेवारी हा कवी रॉबर्ट बर्न्स यांचा जन्मदिन. जगभरच्या स्कॉटिश मंडळांत त्या सुमारास किल्ट, बॅगपाइप आणि हॅगिसची मेजवानी असते. हा थाट म्हणजेच या मंडळांचा वारसा, असा समज रूढ आहे. इतिहास निराळे सांगतो.

२/ १६५० साली डनबारच्या लढाईत क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला. कैद्यांपैकी सुमारे दीडशे जणांना जहाजाने बोस्टनला धाडून ठरावीक वर्षांच्या मजुरीसाठी विकण्यात आले.

३/ त्याच बोस्टनमध्ये १६५७ साली स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी स्थापन झाली. वर्गणी गोळा करावी आणि अडल्यानडल्या देशबांधवाच्या हाती द्यावी, हा तिचा हेतू.

४/ थाट मागाहून आला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या स्वागतसोहळ्याने हायलंडच्या डोंगरी मुलखाचा पोशाख साऱ्या स्कॉटलंडची ओळख ठरवला.

५/ सोहळ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. माणसे जमतात ती त्याच्याच निमित्ताने. परंतु मंडळाची खरी परीक्षा मेजवानीच्या रात्री होत नाही. एखाद्या सभासदाची नोकरी जाते, घरात आजारपण येते, तेव्हा त्याच्या दारी कोण येते, यावर ती ठरते.