अडीच हजारांची समता

महाराष्ट्रातील कामगाराच्या पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात 'पी. टी.' ही दोन अक्षरे असतात. व्यवसाय कराचे हे संक्षिप्त रूप. दरमहा दहा हजारांहून अधिक वेतन असणाऱ्या पुरुषाकडून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाकाठी २,५०० रुपये कापले जातात. (ज्या महिन्यात रोजंदारीची हजेरी सर्वांत कमी भरते, त्याच महिन्यात कपात सर्वांत मोठी!) बारा हजारांवर राबणारा पहारेकरी २,५०० रुपये भरतो, तो ज्या इमारतीच्या दारात उभा असतो, तिच्या वरच्या मजल्यावर बसून वर्षाला पाच कोटी घेणारा संचालकही २,५०० रुपयेच भरतो. पहिल्याच्या शंभर रुपयांतून सुमारे पावणेदोन रुपये जातात, दुसऱ्याच्या शंभर रुपयांतून अर्धा पैसा.

हा कर अन्यायासाठी जन्मलेला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या रोजगार हमी योजनेसाठी निधी हवा, म्हणून १९७५ साली तो कायद्याने आला. शहरातील मिळवत्या माणसाने खेड्यातील बेकाराच्या मजुरीचा भार उचलावा, हे तत्त्व समाजवाद्यांनी अभिमानाने सांगावे असेच आहे. परंतु राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती आरंभी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तेथेच थिजली. या काळात संचालकांची मानधने कोठल्या कोठे पोहोचली. मर्यादेचा लाभ कोणाला झाला, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

यावर उत्तर असे दिले जाते की, व्यवसाय कर हा आयकर नव्हे. तो व्यवसाय करण्याबद्दलचा सरसकट कर आहे, त्यात ऐपतीचा प्रश्न येत नाही. मग साडेसात हजारांपर्यंत माफी, पुढे दहा हजारांपर्यंत १७५ आणि त्यावर २०० ही चढण कशासाठी? ऐपत मोजण्याचे तत्त्व कायद्याने मान्य केलेच आहे. मात्र या जिन्याच्या पायऱ्या दहा हजारांशीच संपतात. श्रीमंतीच्या मजल्यापर्यंत तो पोहोचतच नाही.

'कामगार आयकर भरतो कोठे?' हा दुसरा लाडका प्रश्न. नव्या करप्रणालीत २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावरील आयकर माफ केला. म्हणजे महिना लाख रुपये मिळवणाऱ्यावर बोजा नको, असे दिल्लीला वाटते आणि महिना दहा हजार एक मिळवणारा तो पेलू शकतो, असे मुंबईला वाटते. शिवाय मोबाईलच्या रिचार्जवर पहारेकरी मोजतो ते १८ टक्के, संचालकही तेवढेच.

वरच्यांना सूट देण्याची ही रीत जुनी आहे. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर १९८५ साली रद्द झाला. संपत्तिकरातून १९९३ पासून शेअर्स वगळले गेले. आणि तिजोरी अशी आधी पोखरल्यावर, वर्षाची वसुली जेमतेम १,००८ कोटी म्हणून २०१५ साली तो करही मोडीत निघाला. त्याच्या बदल्यात अतिश्रीमंतांवर अधिभार वाढवला खरा, परंतु २०२३ साली नव्या प्रणालीत पाच कोटींवरील उत्पन्नाचा अधिभार ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला गेला. १९७३ पर्यंतच्या ९७.७५ टक्के दराचे भूत मात्र प्रत्येक चर्चेत नाचवले जाते. त्या दराने करचुकवेगिरी वाढली हे वांछू समितीनेही म्हटले. पण तिने सुचवलेला पर्याय ७५ टक्क्यांचा होता, अर्ध्या पैशाचा नव्हे.

महिलांसाठी व्यवसाय कराची माफी २०२३ साली दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. तीच सर्व श्रमिकांना देण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. विधिमंडळ पुरेसे आहे. त्यातून येणारी तूट वरून भरून काढायची तर २७६ व्या कलमातील रकमेची मर्यादा काढून तेथे उत्पन्नाची टक्केवारी आणावी लागेल, आणि ते काम संसदेचे. पक्षाच्या कामगार शाखांनी पगारपत्रके गोळा करून पहिली मागणी येत्या अधिवेशनाच्या दारावर न्यावी आणि दुसरी राज्यातील प्रत्येक खासदाराच्या घरी.