जीप, पाना आणि संगणक

नगरला राहून गाड्यांचे वेड लागले नाही तरच नवल! (2024 पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जिभेवरचे 'नगर' मात्र अजून जात नाही.) येथे वाहनांच्या चाचण्या घेणारी व्ही. आर. डी. ई. ही संस्था आहे, 1994 साली उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथील रोल्स रॉईसची चिलखती मोटार पाहून पाहुणे थक्क होतात. माझे मन मात्र जडले आहे साध्या जीपवर.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेली ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि ती आपली झाली. पुढाऱ्यांचा दौरा असो, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी असोत, लग्नाचे वऱ्हाड असो की अडलेली बाळंतीण, रस्ता नसेल तेथे जीपच जायची. तिचे इंजिनही तसेच काटक. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज जवळजवळ नसते. बॅटरी उतरली? चार माणसांनी ढकलावे, दुसरा गियर टाकावा, निघाली! पाटा तुटला तर गावातच बदलता येतो.

अकोले तालुक्यात माझ्या मामांचे गॅरेज आहे. शिक्षण सातवी. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते 'नोझल गेलाय' म्हणून सांगतात. पण हल्लीच्या गाडीत पिवळा दिवा लागला की हात पुसतात आणि म्हणतात, "दादा, हिला संगमनेरला न्या."

मित्रहो, जुने ते सोने म्हणणाऱ्यांतला मी नाही. जुन्या जीपला धड दार नसे. गाडी उलटली की माणूस बाहेर फेकला जाई. 2020 च्या थारमध्ये एअरबॅग आहेत. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून बी. एस. 6 चे नियम आले. धुरावर बंधन हवेच आणि ते संगणकाशिवाय पाळता येत नाही. माझी तक्रार संगणकाविषयी नाही, त्याच्या भाषेविषयी आहे.

स्कॅनरवर 'पी 0087' असे उमटते. अर्थ एवढाच, की इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत डिझेलचा दाब कमी पडतो आहे. हा दोष मामांना कळत नाही काय? आयुष्यभर त्यांनी दुसरे केले काय! अडते ते पडद्यावरच्या इंग्रजीशी. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पण सातवी शिकलेल्या माणसाला वाचता येईल अशा मराठीत माहिती मिळाली नाही, तर तो हक्क घेऊन त्याने काय करावे?

हे काम इंजिनीअरांवर ढकलून आपण कला शाखेचे विद्यार्थी मोकळे होऊ शकत नाही. भाषेचे काम आहे, म्हणजे आपलेच आहे. मी एका वहीत सांकेतिक आकडे आणि त्यांचे मराठी अर्थ लिहू लागलो आहे. 'सेन्सर'साठी कोशातला 'संवेदक' सुचवला, तर मामा म्हणाले, "डोळा लिही." शब्द वाईट नाही.