द्राक्षांना शेकोटी, मोत्याला साखळी

निफाडचा पारा घसरला की बातमी ठरलेली असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात अमुक अंशांची नोंद, द्राक्ष उत्पादक चिंतेत, आणि सोबत बागेतल्या शेकोटीचा फोटो. चिंता खरीच आहे. माझीही तीन एकर बाग आहे. पारा पाच-सहावर आला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर आम्ही पहाटे तीनला उठून ठिबक सोडतो आणि बांधाबांधाने धूर करतो.

त्याच बांधावर, बाभळीच्या बुंध्याला, तीन फुटी साखळीवर एक कुत्रा बांधलेला असतो. मोत्या, वाघ्या, टायगर, काहीही म्हणा. तो त्या फोटोत कधीच येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशांपासून भटक्या कुत्र्यांवर सगळीकडे हाणामारी चालू आहे. ती चालू द्या, आज मला त्यात पडायचं नाही. मी बोलतोय मालक असलेल्या कुत्र्याबद्दल. थंडीच्या बाबतीत त्याचे हाल भटक्यापेक्षा वाईट आहेत. भटकं कुत्रं आपली सोय बघतं. विझलेल्या शेकोटीच्या राखेत शिरतं, गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ पडतं, नाहीतर नुकत्याच थांबलेल्या ट्रकखाली. आपल्या मोत्याला मात्र खुंटी जिथे तिथेच रात्र काढायची. जमीन ओली असली तरी तिथेच, वारा लागला तरी तिथेच.

"त्याला केस असतात की राव!" असतात. पण आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड आणि विरळ. शरीराचं तापमान ३८-३९ अंश, ते पहाटेच्या पाच अंशांत टिकवायला त्याला अन्न जाळावं लागतं. दवाने अंग भिजलं की ते केसही कामाचे राहत नाहीत. आणि रात्रीचं जेवण काय, तर उरलीच तर अर्धी भाकरी. शेपटीखाली नाक खुपसून गोळा होऊन पडलेला कुत्रा शांत झोपलाय असं आपल्याला वाटतं. तो ऊब वाचवत असतो.

कुत्री असेल तर आणखी अवघड. आपल्याकडे बरीच पिल्लं ऐन हिवाळ्यात जन्मतात. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, त्याला नीट कुडकुडताही येत नाही. सकाळी दोन पिल्लं गार सापडली की आपण म्हणतो, "अशक्त होती."

आता कुणीतरी लिहिणारच की इथे माणसं थंडीत कुडकुडतायत आणि तुम्हाला कुत्र्याचं पडलंय. त्यांनी ऊसतोडीच्या फडावर जाऊन यावं. पाचटाच्या कोपीत मी डोळ्यांनी पाहिलंय, लेकरांच्या पायाशी कुत्रं झोपलेलं. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी आहे त्यांनी त्याला आत घेतलंय. आपल्या स्लॅबच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये तेवढी जागा निघत नाही?

बरं, दया बाजूला ठेवा, हिशेबाचं बोलू. कुत्रा बांधतो राखणीला. आपल्या भागात बिबट्या आहे, ऊस आहे तिथे तो राहणारच. उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट, आणि त्या ताटासाठी तो वस्तीवर पुन्हा येतो. वनखातं गुरांसाठी बंदिस्त गोठा करा म्हणून सांगत असतं. कुत्र्यालाही रात्री त्याच गोठ्यात घ्या, साखळी सोडून. थंडी आणि बिबट्या, दोन्ही प्रश्न एकाच दाराने सुटतात. भुंकायचं तर तो आतूनही भुंकतोच.

गोठा नसेल तर दोनशे लिटरचा प्लॅस्टिक ड्रम आडवा करा. फवारणीच्या औषधाचा नको, कितीही धुतला तरी नको. मागची बाजू बंद ठेवून पुढे कुत्रा जाईल एवढंच तोंड कापा, कडा घासून घ्या. जागा मोठी नको. त्याला वळता आणि नीट झोपता आलं की पुरे, त्याच्या अंगाच्या उबेनेच ती तापते. ड्रम विटांवर ठेवा आणि बाजूंनी दगड लावा, म्हणजे गडगडणार नाही. आपल्याकडे हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो, म्हणून तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला. आत गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा भरा. जुनी गोधडी आपल्याला मायेची वाटते, पण ती दव पिते आणि सकाळपर्यंत ओली गार होते. काड कोरडं राहतं, कुत्रं त्यात घुसून बसतं. सोयाबीनचा भुसा नको, टोचतो. जेवण संध्याकाळी आणि थोडं जास्त. थंडीत आंघोळ घालू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरतात, त्याला घरातच घ्या.

कायदा आहे का? आहे, १९६० चा. फार आखूड साखळीने बांधणं, मालक असून पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज दोन वडापाव येतात. तेव्हा पोलिसांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं साधं आहे. लाळ्या-खुरकुताच्या लसीला पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं प्रत्येक गोठ्यात येतात. त्यांनी जाता जाता खुंटीवरच्या कुत्र्याकडेही बघावं आणि मालकाला दोन शब्द सांगावेत. डॉक्टरचं ऐकतात लोक. आमच्या ग्रामसभेत मी हे मांडलं तेव्हा हशा पिकला. पुढच्या ग्रामसभेत परत मांडणार आहे, हसणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावं.

तोवर, गावातल्या कुणाला ड्रम कापायचा असेल तर ग्राइंडर माझ्याकडे आहे. काडही आहे. दुपारी चारनंतर या, सकाळी छाटणीचे मजूर असतात.