दिवस घरचा, कर परराज्याचा

आयकर म्हटला की आपल्यासमोर दिल्ली उभी राहते. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला असल्यामुळे, तलासरीहून गुजरातेत वापीला नोकरीस जाणाऱ्या माणसाला आपण वर्षातले किती दिवस कोणत्या राज्यात घालविले याचा हिशेब आयकरासाठी मांडावा लागत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्ये स्वतःचा आयकर आकारतात. न्यू जर्सीत घर करून हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्यांना, आणि त्यांत मराठी मंडळीही आहेत, या हिशेबातून सुटका नाही.

हिशेब दोन प्रकारचा आहे. न्यूयॉर्कमध्ये कायमच्या वापराचे घर बाळगून वर्षातले १८३ हून अधिक दिवस तेथे घालविले, तर ते राज्य त्या व्यक्तीस रहिवासी समजून तिच्या सर्व उत्पन्नावर कर लावते. दिवसाचा अंश गेला तरी तो पूर्ण दिवस! विमानतळ गाठण्यासाठी केवळ वाटेने गेल्याचा दिवस तेवढा वगळतात. सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावर. तेव्हा रोजनिशी, टोलच्या पावत्या, दूरध्वनीच्या नोंदी जपणे आलेच. कटकट खरी, पण तत्त्व समजण्यासारखे आहे.

आक्षेप आहे तो दुसऱ्या हिशेबाला. अनिवासी नोकरदाराचा पगार, न्यूयॉर्कमध्ये जितके दिवस काम केले त्या प्रमाणात करपात्र ठरावा, हा मूळ नियम. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले आणि त्यांपैकी ९६ मॅनहॅटनच्या कचेरीत भरले, तर करपात्र भाग दोन-पंचमांश. परंतु उरलेले १४४ दिवस घरी केलेले काम मालकाच्या निकडीपोटी नसून नोकराच्या सोयीखातर होते असे ठरले, की तेही दिवस न्यूयॉर्कच्याच खात्यावर पडतात. म्हणजे मोजणी करायची, आणि मोजलेले मानायचे नाही!

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे राहून न्यूयॉर्कच्या संस्थेसाठी संगणकाचे काम करणारे थॉमस हकबी सुमारे चतुर्थांश दिवसच न्यूयॉर्कमध्ये होते. तरीही २००५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनी, संपूर्ण पगारावरील कर ग्राह्य ठरविला. टेनेसीत पगारावर आयकरच नाही. त्यामुळे वजावट मागावी तर कोणाकडे?

नोकरी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेमुळे मिळाली, तेव्हा तिच्यावर आमचा हक्क, असे समर्थन केले जाते. ते अगदीच पोकळ नाही. पण त्या बाजारपेठेचा लाभ मालकाच्या नफ्यात उतरतो आणि तेथे त्यावर कर आहेच. घरी काम करणारा ज्या रस्त्यांवरून चालतो, ज्या शाळेत मुले घालतो, त्यांचा खर्च न्यू जर्सी सोसते. आणि परराज्यात भरलेल्या कराची वजावटही तीच देते. येथे नुकसान करदात्यापेक्षा शेजारच्या तिजोरीचे अधिक. २०२० च्या साथीनंतर घरून काम ही सर्रास गोष्ट झाल्यावर ते ठळक झाले. मॅसॅच्युसेट्सच्या अशाच तात्पुरत्या नियमाविरुद्ध न्यू हॅम्पशायरने केलेला दावा ऐकण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला. मग २०२३ मध्ये न्यू जर्सीने जशास तसे म्हणून, असा नियम पाळणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांपुरता, तोच नियम स्वतः केला. शेजाऱ्यांच्या या चढाओढीत काम जेथे प्रत्यक्ष झाले तेथेच दिवस मोजावा, असे बंधन राज्यांवर घालू शकते ती अमेरिकन काँग्रेस. आंतरराज्य व्यापाराचे नियमन घटनेने तिच्याकडेच सोपविले आहे.